झाली का झोप?

माझं पंक्चरचं दुकान ट्रकतळाच्या फाटकाला लागून आहे. दुकानासमोर एक लाकडी बाकडं आहे. ते मी ठेवलेलं नाही, आणि उचलून फेकून द्यावं असं कितीदा वाटलं तरी ते तिथून हलणार नाही. त्याला सगळे सुट्यांचं बाकडं म्हणतात. आमच्या तळावरून लांबच्या गाड्या सुटतात आणि लांबच्या गाडीवर ड्रायव्हर दोन असतात. एक चालवतो, दुसरा सीटमागच्या फळीवर झोपतो, मग अदलाबदल. या दोघांना जोडी म्हणायचं. ज्याची जोडी मोडली तो सुटा. सुटा माणूस सकाळी भांग पाडून या बाकड्यावर येऊन बसतो आणि कुणीतरी आजारी पडावं, कुणाचं तरी कुणाशी वाजावं, म्हणजे आपली वर्णी लागेल, अशी मनातल्या मनात प्रार्थना करतो. दिवसभर दुसऱ्याचं वाईट चिंतणारी माणसं समोर आणि मी टायर उघडत बसलेला. तुझा स्वभाव त्यानेच खवट झाला, असं माझी ताई म्हणते. असेल.

या ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, एका सकाळी त्या बाकड्यावर येऊन बसले, तेव्हा माझ्या हातातला जॅक खाली पडायचाच बाकी होता. भाऊजींची जोडी म्हणजे तळावरची जुनी जोडी. त्यांचा जोडीदार एक म्हातारा होता, त्याला सगळे काका म्हणत. काकांचे कान इंजिनापाशी आयुष्य घालवून कामातून गेले होते. आता डोळेही गेले, म्हणून ते घरी बसले, आणि भाऊजी सुटे झाले. पुढे तळाला कळलं की इतकी वर्षं ही जोडी टिकली ती काकांच्या बहिरेपणावर.

कारण भाऊजींना झोप लागता लागता त्यांच्या घशातून आवाज येतो. घोरणं नव्हे, घोरणाऱ्यांचं तर तळावर संमेलन भरेल. हा वेगळा. श्वास आत जातो. मग बराच वेळ काहीच नाही, ऐकणारा आपलाच श्वास धरून बसतो. आणि मग तो श्वास बाहेर पडताना एक लांबलचक हुंकार निघतो, भरलेलं लोखंडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा. शेवटी एक बारीक हुंदका. की पुन्हा पहिल्यापासून. भाऊजींना स्वतःला यातलं काही म्हणता काही कळत नाही. त्यांचा चेहरा शांत असतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, या माणसाच्या घरात आत्ताच कुणीतरी गेलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ताईने आईला बाजूला घेतलं होतं. "त्यांना आतून कसलं तरी दुःख आहे गं," ती म्हणाली होती. आईने दुःख शोधायला मला पाठवलं. मी भाऊजींना विचारलं, तर ते म्हणाले, "दुःख? सासूबाई चहात साखर कमी घालतात, एवढंच." पुढे ताईला सवय झाली. आता ती म्हणते, "तो आवाज आला की मी दिवा मालवते. माणूस घरी आहे आणि झोपलाय, आणखी काय पाहिजे?"

पण ताई काही गाडी चालवत नाही.

बाकड्यावर फार दिवस बसावं लागलं नाही. मास्तर नावाचा एक ड्रायव्हर जोडीदार शोधत होता. शाळेशी त्याचा संबंध नाही. दोरी कशी बांधावी, चहा कसा फुंकावा, आरशात कसं बघावं, हे तो विचारलं नसताना शिकवतो म्हणून मास्तर. पण ड्रायव्हर म्हणून नंबरी. त्याचं सगळं कानावर. मागच्या आतल्या टायरात हवा कमी झाली तर चालत्या गाडीत ऐकून सांगायचा, आणि मी पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवून बघितली की बुडबुडे यायचेच. अशा माणसाच्या मागे, कानापासून हातभर अंतरावर, गाडीमालकाने आमचे भाऊजी झोपवले. देवाने जोड्या वर बांधल्या असतील, पण या जोडीच्या वेळी त्याचाही डोळा लागला असणार.

पहिल्याच फेरीत मास्तरने भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. त्याला वाटलं, मागे माणूस मरतोय. गाडीत औषधांची खोकी होती, गार डब्यात रचलेली. ती एकमेकांवर आदळली. भाऊजी डोळे चोळत उठले आणि म्हणाले, "काय रे, काय झालं?"

"तुलाच काय झालं?" मास्तर ओरडला. "कण्हतोस काय असा?"

"मी? मी झोपलो होतो."

मास्तरने तळावर येऊन सगळ्यांना तो आवाज काढून दाखवला. तळ लोटपोट हसला. त्या दिवशी भाऊजींचं नाव पडलं, भोंगा. भाऊजीही हसले. मी जवळून बघत होतो, ते हसणं ओठांच्या वर गेलं नाही.

मग उपाय सुरू झाले. उपाय सांगायला कुणाचं काय जातं? कुणी म्हणालं उशी उंच घ्या, कुणी म्हणालं उशी काढूनच टाका. कुणी गरम पाणी, कुणी मध, कुणी म्हणालं झोपण्याआधी मोठ्याने गाणी म्हणा, म्हणजे घसा आधीच दमेल. भाऊजींनी ते सगळं केलं. गाणीसुद्धा म्हटली, तेव्हा मास्तर म्हणाला, त्यापेक्षा कण्हलास तरी चालेल. शर्टाच्या पाठीला चेंडू शिवला, उताणं होता येऊ नये म्हणून. शेवटी तोंडावर चिकटपट्टी लावून बघितली. आवाज नाकातून आला, आणि ओठांची साल निघाली ती वेगळीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितला.

ताईने त्यांना घशाच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेलो, कारण डॉक्टरसमोर भाऊजींची वाचा बसते. डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी नळी घालून घसा बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे घोरणं नाही. घोरताना आवाज श्वास घेताना येतो, तुमचा सोडताना येतो. झोपेत स्वरयंत्राची फट अर्धवट मिटते, त्यातून हवा जाते. काहींचं असं का होतं, ते आम्हालाही नीट माहीत नाही. तुम्हाला यापासून धोका दिसत नाही."

"मला नाही, बाई," भाऊजी म्हणाले, "माझ्या जागेला आहे."

बाईंनी मग जे करता येतं ते सांगितलं. कुशीवर झोपा, डोकं थोडं उंच ठेवा. झोपण्याआधी हळू, लांब श्वास घेण्याचा सराव करा. दातांच्या डॉक्टरकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून मिळते, कुणाकुणाला तिचा उपयोग होतो. जवळ झोपणाऱ्याला कानात घालायला बोळे द्या. आणि उठता उठता म्हणाल्या, "एक मात्र करू नका. झोप तोडू नका. झोप अपुरी राहिली तर आवाज वाढू शकतो, आणि तुमचं काम बघता ते परवडणारं नाही."

पट्टी करून घेतली. थोडा फरक पडला, पण थोडाच. कानात बोळे घालायला मास्तर तयार होईना, आणि त्याचं तरी काय चुकलं? तो गाडी कानांनी चालवायचा. त्याला कान बंद करून चालव म्हणणं म्हणजे दुसऱ्याला डोळे मिटून चालव म्हणण्यासारखं. तीन-चार फेऱ्यांनंतर माझ्याच दुकानासमोर, सगळ्यांच्या देखत तो भाऊजींना म्हणाला, "हे बघ भोंग्या, माझं डोकं उठतं. हात कापतात माझे तुझा आवाज आला की. आता एकदा जरी ऐकला ना, तर मी मालकाला सांगून जोडी मोडणार. मग बस बाकड्यावर."

भाऊजींनी बाकड्याकडे बघितलं. बाकड्यावरच्यांनी भाऊजींकडे बघितलं. भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं.

लोक म्हणतील, एवढं काय? एक जोडी मोडली तर दुसरी होईल. कशी होईल? ज्याला मास्तरने आवाजापायी सोडला, त्याला फळीवर कोण घेणार? भाऊजींना दुसरं काही येत नाही. घरी असले की ते पाहुण्यासारखे वावरतात, कपाट कुठल्या बाजूला उघडतं तेही त्यांना आठवत नाही. गाडीत बसले की तो माणूस सरळ होतो, उंच दिसतो. ताई म्हणाली, "राहू द्या ती गाडी. आपण कायतरी करू." तर ते म्हणाले, "गाडी सोडून मी कोण गं? तुझा नवरा, एवढाच?" ताईला ते लागलं, पण तिला कळलंही.

आता तळावरची एक रीत सांगायला हवी. जोडीत अदलाबदल करताना चालवणारा गाडी बाजूला घेतो आणि फळीवरून उठलेल्याला विचारतो, "झाली का झोप?" तो म्हणतो, "झाली." मग तो तोंड धुऊन स्टेअरिंगवर बसतो आणि फळीवर जाणाऱ्याला म्हणतो, "झोप, मी जागा आहे." एवढंच. पण या तीन वाक्यांवर सगळा धंदा चालतो. "झाली" म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, शंका घ्यायची नाही. शंका घेणं म्हणजे शिवी देण्यासारखं. आणि "नाही झाली" म्हणणारा मी अजून बघितलेला नाही.

त्या धमकीनंतरच्या फेरीत आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या फेरीतही नाही. मास्तर तळावर छाती काढून फिरू लागला. "डॉक्टर काय करणार? नुसता धाक पाहिजे," तो म्हणायचा. "मी एकदा दम दिला, भोंगा बंद." लोक भाऊजींच्या पाठीवर थाप मारायचे. भाऊजी मान हलवायचे आणि माझ्या दुकानात येऊन जुन्या टायरांवर बसायचे. एकदा मी त्यांच्या हातात चहा दिला, तर कप हातात आणि चहा मांडीवर. भाजलं तरी त्यांना कळायला वेळ लागला.

ताई माझ्याकडे आली ती दुपारच्या उन्हात, डोक्यावर पदर नाही की पायात धड चप्पल नाही.

"ते गाडीवर झोपत नाहीत," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? घरी आले की दाराशीच पडतात. आणि आवाज तर असा, की भिंतीपलीकडची बाई विचारायला आली. तो आवाज गेलेला नाही रे. ते साठवून आणतात तो."

मी भाऊजींना तळाच्या मागे, जुन्या गाड्यांच्या सांगाड्यांपाशी गाठलं आणि माझ्या तोंडात आलं ते बोललो. मोठ्या मेव्हण्याशी कुणी बोलत नाही असं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फळीवर पडतो ना, तेव्हा मांडीला चिमटे काढतो. डोळे मिटलेले ठेवतो, मास्तर आरशातून बघतो म्हणून. झोप आली की जीभ चावतो. तुला सांगू, झोप आली की मला भीती वाटते. पाण्यात बुडणाऱ्याला वाटते तशी."

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात. इथे सोंग घेतलेला माणूसच आपलं सोंग कुणीतरी ओळखावं म्हणून वाट बघत होता आणि ते कुणी ओळखत नव्हतं.

"मास्तरला सांगा," मी म्हणालो. "नाहीतर मी सांगतो."

"मी सांगतो," ते म्हणाले. "या फेरीत सांगतो. तुझ्या ताईची शपथ." आणि ते खरंच सांगणार होते, यावर माझा आजही विश्वास आहे.

पुढचं मला दोघांकडून कळलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं. जाताना मास्तरने चालवलं. भाऊजी फळीवर पडून वाक्य जुळवत राहिले. मास्तर, एक बोलायचं होतं. मास्तर, रागावू नकोस. दुपारी मास्तरने झाडाखाली गाडी घेतली, आळस दिला, मागे वळून विचारलं, "झाली का झोप?"

इतक्या वर्षांची जीभ ती. तिने आपलं नेहमीचं उत्तर देऊन टाकलं. "झाली."

मग तोंड धुतलं. स्टेअरिंगवर बसले. आणि मास्तर फळीवर आडवा होत असताना ते म्हणाले, "झोप, मी जागा आहे."

रस्ता सरळ होता. लख्ख ऊन होतं. समोरून कुणी येत नव्हतं, हे त्या दिवसाचं एकमेव पुण्य. गाडी हळूहळू डावीकडे सरकत गेली, भरावावरून उतरली आणि कोरड्या चरात आडवी झाली. मास्तर म्हणतो, त्याला जाग आली ती गाडी कलंडायच्या आधी. कशाने, तर त्या आवाजाने. स्टेअरिंगवरून तो हुंकार आला, लांबलचक, पहिल्यासारखा, आणि मास्तरला वाटलं आपल्याला स्वप्न पडतंय.

भाऊजींचं उजव्या खांद्याचं हाड मोडलं. मास्तरचा डावा पाय दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, पाय जुळेल, चालताही येईल, पण क्लच दाबायचं विसरा. हे सांगितलं मास्तरला आणि चादरीत तोंड खुपसलं शेजारच्या खाटेवरच्या भाऊजींनी. दोघांना एकदमच आणलं होतं, म्हणून खाटा शेजारी शेजारी मिळाल्या. नशीब थट्टा करायला लागलं की नीट मोजून मापून करतं.

पहिल्या दुपारी औषधाच्या गुंगीत भाऊजींचा डोळा लागला आणि आवाज आला. नर्सबाई धावत आल्या. समोरच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले आणि ओरडू लागले, "याला हलवा इथून! माणसाला मेल्यासारखं वाटतं!" भाऊजी दचकून जागे झाले. त्यानंतर ते झोपलेच नाहीत. खाटेच्या कडेला पाय सोडून बसून राहायचे. मान कलली की झटका देऊन वर करायचे आणि त्या झटक्याने मोडलेलं हाड ठणकायचं. नर्सबाई रागावल्या, डॉक्टर रागावले, ताई रडली. मास्तरची बायको येऊन-जाऊन असायची, ती ताईकडे पाठ करून बसायची. ताई तिच्यासाठीही डबा आणायची आणि तो तसाच परत न्यायची. भाऊजींचे डोळे खोल गेले होते. मी म्हणालो, "भाऊजी, आता कुठली गाडी चालवायची आहे? झोपा की." ते म्हणाले, "झोपायचा हक्क आहे का मला?" मी त्यांची उशी सारखी करून दिली.

मास्तर त्यांच्याशी बोलत नव्हता. अपघातापासून एक शब्द नाही. पायाला वजन टांगलेलं, तोंड छताकडे.

एका दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा भाऊजी त्याच्याकडे वळून बसले होते आणि बोलत होते. आवाज इतका हळू की मी दाराशीच थांबलो.

"मी झोपलो नव्हतो, मास्तर. त्या दिवशी नाही, त्याआधीही नाही. तू दम दिलास तेव्हापासून एकाही फेरीत नाही. झाली म्हणालो ते खोटं होतं. प्रत्येक वेळी खोटं होतं. तुझा पाय मी घालवला."

मास्तर छताकडेच बघत होता. तो तसाच म्हणाला, "मला काय कान नाहीत?"

भाऊजींनी मान वर केली.

"टायरातली हवा गेली तर मला ऐकू येतं," मास्तर म्हणाला. "फळीवर माणूस झोपलाय की जागा आहे, ते ऐकू येणार नाही? झोपलेल्याचा श्वास वेगळा असतो. मला ऐकू येत होतं, भोंग्या. पण मला शांत वाटत होतं ना. मला ते पाहिजे होतं. म्हणून मी नाही ऐकलं."

त्याच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानात गेलं. हात वर नेऊन पुसायचंही त्याने टाळलं. मी हातातला डबा खाली ठेवला.

"आता आडवा हो," मास्तर म्हणाला.

"आवाज येईल."

"येऊ दे. तो आला नाही म्हणून आपण इथे आलो."

समोरचे आजोबा लगेच उठून बसले. "पुन्हा सुरू होणार का ते? मी आत्ताच सांगतो, नर्सला बोलावीन!"

मास्तरचा जुना स्वभाव उसळून वर आला. "बोलवा!" तो ओरडला. "सगळ्यांना बोलवा! हा माणूस झोपणार आहे आणि त्याचा आवाज येणार आहे. ज्याला त्रास होईल त्याने कानात बोळे घालावेत. डॉक्टरनेच सांगितलंय तसं."

डॉक्टरबाईंनी ते सांगितलं होतं, आणि कुणासाठी सांगितलं होतं, तेही त्याला ठाऊक होतं. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

भाऊजी चांगल्या खांद्यावर, कुशीवर झाले. मी त्यांच्या डोक्याखाली दुसरी उशी सरकवली. त्यांनी उशीचं टोक मुठीत घट्ट धरलं. थोड्या वेळाने मूठ सैल झाली. श्वास आत गेला आणि काहीच झालं नाही, आणि सगळा वॉर्ड थांबून राहिला, मास्तर डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. मग तो हुंकार आला, ते जड कपाट फरशीवरून सरकत गेलं, शेवटचा हुंदका आला. नर्सबाई दारात धावत आल्या. मास्तरने हात वर करून त्यांना थांबवलं. "काही नाही, सिस्टर," तो म्हणाला. "झोपलाय."

ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं. आजोबा पुटपुटत पुटपुटत स्वतःच झोपून गेले. मास्तर झोपला नाही. प्रत्येक हुंकाराला त्याचे हात चादरीवर कापत होते, अजूनही कापत होते, आणि तो ऐकत होता.

चहाच्या गाडीच्या खडखडाटाने भाऊजी जागे झाले. आपण कुठे आहोत ते त्यांना कळेना. त्यांनी मान वळवून शेजारी बघितलं.

"झाली का झोप?" मास्तरने विचारलं.

भाऊजींचे ओठ सवयीने हलले. मग ते थांबले. त्यांनी त्या टांगलेल्या पायाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"नाही," ते म्हणाले. "नाही झाली, मास्तर."

"मग झोप परत," मास्तर म्हणाला. "मी जागा आहे."